सिफू आणि मेलेलं मांजर

आमचे सिफू लिफ्टमध्ये शिरले की दाराकडे पाठ करायचे आणि भिंतीला कान लावून उभे राहायचे. लोक आत यायचे, त्यांना बघायचे आणि पुढची लिफ्ट बघू म्हणून परत बाहेर पडायचे. मला बाहेर पडता यायचं नाही, कारण मी त्यांच्याच बरोबर असायचो, कंपनीचा तोच निळा शर्ट घालून. लोकांना वाटत असणार, एक वेडा आहे आणि दुसरा त्याला सांभाळायला ठेवलाय. सांभाळणारा कोण, ते मात्र लोकांना उलटं कळायचं.

सिफू म्हणजे उस्ताद. सिंगापुरात हाताखालच्या माणसानं कारागिराला असंच म्हणायचं. मी हाताखालचा. शाळा मी सातवीत सोडली, म्हणजे शाळेनंही फार आग्रह केला नाही. पुण्यात हडपसरला लिफ्टचं काम करत होतो, तिथून एका एजंटानं सिंगापूरला पाठवलं. एजंट म्हणाला, इंग्रजी येतं का? मी म्हटलं, येस. तो म्हणाला, बास, एवढं पुरतं.

ते खरंच पुरलं. सिफू कॅन्टनी चिनी. त्यांचं इंग्रजी अर्धं आणि माझं पाव. खूण करून, बोट दाखवून उरलेलं भरून निघायचं. इथं मी त्यांचं बोलणं मराठीत सांगतोय, पण वाक्याच्या शेवटी येणारा त्यांचा तो ‘ला’ तसाच ठेवतो. तो काढला तर सिफू राहत नाहीत.

मला ते ‘बॉय’ म्हणायचे. मी बत्तीस वर्षांचा, घरी दोन पोरं. एकदा तसं सांगितलं त्यांना. म्हणाले, “दोन पोरं असली म्हणून काय झालं? तू पाना कसा धरतोस ते मी बघतोय ला.”

कामाची पद्धतही त्यांची त्यांचीच. गच्चीवरच्या मोटर रूममध्ये गेलं की आधी कॉफीची पिशवी टांगायची. तिकडं कॉफी प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळते, वरून दोरी, आत नळी. ती पिशवी ते एका ठरलेल्या खिळ्याला लावायचे आणि मशीन चालू असताना पिशवी किती हलते ते बघायचे. मग हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचे, टोक बेअरिंगच्या डब्यावर ठेवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटांनी निकाल सांगायचे. “सर्दी झालीय.” किंवा, “ही रागात आहे, वरच्या मजल्यावर कुणीतरी दार रोज हातानं ओढतंय.” वर जाऊन बघितलं की तसंच असायचं. मी पण एकदा कान लावला. मला फक्त कान भाजल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, “सिफू, गरम आहे.” म्हणाले, “शाब्बास. डॉक्टर झालास.”

आता त्यांच्या एका हट्टाबद्दल आधीच सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तांजोंग पगारच्या उंच उंच ऑफिसांच्या मागं जुने सरकारी ब्लॉक आहेत. त्यातल्या एका ब्लॉकची लिफ्ट सिफूंनी पोरवयात, शिकाऊ असताना, उस्तादाबरोबर बसवलेली. पहिला, पाचवा आणि नववा, एवढ्याच मजल्यांवर थांबायची. बाकीच्यांनी उतरायचं आणि जिना धरायचा. आता सरकार ती काढून प्रत्येक मजल्यावर थांबणारी नवी लिफ्ट बसवणार होतं. सगळा ब्लॉक खूश होता. सिफूंचं म्हणणं होतं की लोक जिन्यात भेटतात, भांडतात, त्यानं ओळखी राहतात, दारात लिफ्ट आली की शेजारी मेलेला पण कळणार नाही. पण ते काही अडवायला निघाले नव्हते. त्यांचं मागणं एकच होतं. ज्या दिवशी ती कायमची बंद होईल, त्या दिवशी मेन स्विच त्यांनी खाली करायचा. दुसऱ्या कुणी नाही.

त्यासाठी तेवढे दिवस नोकरीत टिकायला हवं होतं. त्यांचं वय झालेलं. कंपनी त्यांना एकेक वर्षाचं काँट्रॅक्ट द्यायची, आणि ते द्यायच्या वेळी ऑफिसातली पोरं त्यांच्या गुडघ्याकडं बघायची. गुडघा गेलेला होता. सिफू चालताना तो सरळ असल्याचं नाटक करायचे.

भाषेचं वेड त्यांना कुठून लागलं, तेही सांगितलं पाहिजे. घरी लेक, जावई, दोन नातवंडं. नातवंडं इंग्रजी बोलायची, शाळेत मँडरिन, म्हणजे सरकारी चिनी, शिकायची. आजोबांचं कॅन्टनी कुणालाच नको होतं. मग आजोबांनी ती सगळी इस्टेट माझ्या, सातारा जिल्ह्यातल्या सातवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या नावावर करायचं ठरवलं. रोज एक शब्द किंवा एक बोलायची रीत द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी वाक्य करून दाखवायचं. वाक्य बरोबर आलं तर मी लिफ्टनं वर जायचं. चुकलं तर ते वर बोट करायचे आणि म्हणायचे, “चढ.” मग ते लिफ्टनं आणि मी जिन्यानं. दोन वर्षांत माझं कॅन्टनी कच्चं राहिलं पण मांड्या पक्क्या झाल्या.

त्यांच्या भाषेत ‘मी’ला ‘ङो’ म्हणतात. शाळेत क ख ग घ नंतर ते एक ङ असायचं, ते कशासाठी शिकवतात हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही. ते सिंगापूरसाठी होतं.

एक दिवस त्यांनी मला ‘सिक् सेइ माऊ’ दिलं. सिक् म्हणजे खाणं, सेइ म्हणजे मेलेलं. आणि माऊ म्हणजे माऊच, आपली. मला फार आनंद झाला. म्हटलं, एवढा समुद्र ओलांडून आलो आणि मांजर इथं पण माऊच! सिफू म्हणाले, “मांजराला काय नाव दिलं ते सोड. मेलेलं मांजर खाणं म्हणजे दुसऱ्यानं केलेली चूक आपल्या नावावर घेणं. कळलं?”

कळलं म्हटलं. माझं सगळं आयुष्य तेवढ्यासाठीच झालंय असं मला वाटत होतं, त्यामुळं लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी वाक्य केलं. “बस उशिरा आली, मी उशिरा आलो, ङो सिक् सेइ माऊ.”

“बस उशिरा आली त्याचा आळ तुझ्यावर कुणी घेतला? नशीब वाईट असणं म्हणजे मांजर नव्हे. चढ.”

आठवड्यानं परत प्रयत्न केला. “सिफू, माझा मुलगा गणितात नापास झाला. बायको म्हणते तुमच्यावर गेलाय. ङो सिक् सेइ माऊ.”

सिफूंनी कॉफीची नळी तोंडातून काढली, नीट विचार केला. “मुलगा तुझाच ना?”

“माझाच की!”

“चढ.”

मग सेरंगून भागातल्या एका काँडोची भानगड झाली. काँडो म्हणजे पोहायचा तलाव असलेली सोसायटी. तिथं एक जोडपं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं. आम्ही गेलो. फटीतून आवाज येत होता आणि आवाज अस्सल पुण्याचा.

बाई म्हणत होत्या, “मी म्हणत होते जिन्यानं जाऊ.”

“अगं, अकरावा मजला आहे!”

“मग आता बस साडेदहाव्यावर.”

साहेबांनी फटीतून माझा चेहरा बघितला. बायकोला म्हणाले, “आलाय कुणीतरी. तमिळ दिसतोय. याला काही येत असेल असं वाटत नाही गं.”

मी म्हटलं, “येत नाही साहेब. पण शिकतोय.”

आतून बाई हसायला लागल्या त्या बाहेर काढेपर्यंत हसत होत्या. साहेब हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी कंपनीला उत्तम इंग्रजीत तक्रार केली. लिफ्ट का अडकली तर आदल्या दिवशी लिफ्टच्या छतावर राहिलेलं एक फडकं दाराच्या लॉकमध्ये गुंतलं होतं. मला वॉर्निंग लेटर मिळालं. आमच्या कंपनीत अशी दोन लेटरं झाली की कामाचं परमिट वाढवत नसत. सामान बांधायचं आणि घरी.

मी सिफूंपुढं जाऊन छाती बडवली. “ङो सिक् सेइ माऊ! आता तरी बरोबर?”

“फडकं कुणाचं होतं?”

“माझं.”

“मग मांजर तूच मारलंस. स्वतः मारून स्वतः खाल्लं तर त्याला जेवण म्हणतात ला. चढ.”

आता मुख्य गोष्ट. त्या जुन्या ब्लॉकच्या लिफ्टची आम्ही सर्व्हिसिंग केली. लिफ्टच्या खाली एक खड्डा असतो, त्याला पिट म्हणतात. पिटात उतरलं की आधी लाल बटण दाबायचं. ते दाबलं की लिफ्ट हलत नाही, म्हणजे ती आपल्या डोक्यावर येत नाही. बाहेर येताना ते बटण ओढून परत वर करायचं. काम झाल्यावर आम्ही निघालो आणि लिफ्ट बंदच राहिली. दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बंद. नवव्या मजल्यावरचे एक आजोबा व्हीलचेअरवर खाली आले होते. ते ब्लॉकच्या खाली मोकळ्या जागेत संध्याकाळपर्यंत बसून राहिले. शेवटी चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. दुसऱ्या टोळीनं येऊन बघितलं तर पिटातलं लाल बटण दाबलेलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग. सगळे मेकॅनिक यार्डात उभे. सुपरवायझर पंचविशीतला, चिनी पोरगा, चांगला होता, फक्त घाबरट. त्यानं वहीत बघून विचारलं, “पिटाचं बटण दाबलेलं कुणी ठेवलं?”

वहीत दोनच नावं. सिफूंचं आणि माझं. मी मनातल्या मनात आठवलं. सकाळी पिटात सिफू होते, मला स्पष्ट दिसत होतं. दुपारी काय, दुपारी तर आपण जेवलो आणि आवरलं. म्हणजे म्हातारा विसरला. आणि त्याचं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात. आणि तो स्विच.

मला एकदम भरून आलं. माझ्या नावावर एक लेटर आहे, दुसरं झालं तर मी घरी, हे पण आठवलं. त्यामुळं तर आणखीनच भरून आलं. आपण एवढे मोठ्या मनाचे आहोत हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगतो, एवढ्या चिनी लोकांपुढं कॅन्टनी बोलायची संधी परत कधी मिळाली असती?

मी एक पाऊल पुढं झालो आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “बॉस, ङो सिक् सेइ माऊ!”

आधी सगळं यार्ड हसलं. एकानं टाळ्या वाजवल्या. मी मान लववून टाळ्या घेतल्या. मग हसणं हळूहळू थांबलं आणि एकेक मान वळली. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. सगळे सिफूंकडं बघत होते.

सुपरवायझरनं मऊ आवाजात विचारलं, “अंकल, मग तुम्ही होता का?”

सिफूंनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं सांगता येत नाही. मी त्यांना डोळ्यानं खुणावत होतो, काळजी करू नका, मी आहे. त्यांनी हातातल्या पेपरची आणखी एक घडी घातली आणि म्हणाले, “हं. वय झालं.”

मीटिंग संपली. व्हॅनकडं जाताना मी विचारलं, “सिफू, मी प्रयत्न केला. तुम्ही का बोललात मध्ये? पण वाक्य? वाक्य तर बरोबर होतं ना या वेळी?”

ते म्हणाले, “चढ.”

तिथं जिना नव्हता. यार्ड होतं. मी हसलो. मला वाटलं, म्हातारा विनोद करतोय. वर मी त्यांची समजूत घातली. म्हटलं, “होतं असं सिफू, वय झालं की विसरायला होतं. मनाला लावून घेऊ नका.”

त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. पुढचा महिनाभर ते तसेच कान लावून उभे राहिले, तशीच कॉफी टांगली, मला तसंच जिन्यानं पाठवलं. महिना संपला, काँट्रॅक्ट वाढलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी मला तो लांब स्क्रू ड्रायव्हर दिला. म्हणाले, “गरम लागलं तर कान बदल.”

माझं परमिट त्याच सुमाराला वाढलं. मी सगळ्यांना सांगत फिरायचो, आमचे सिफू फार चांगले हो, पण वय झालेलं, मी वाचवायला गेलो तरी वाचले नाहीत.

चार महिन्यांनी कोरेगावहून बायकोचा फोन. तिनं त्या वर्षी पहिला टच फोन घेतला होता आणि माझे सगळे फोटो जपून ठेवायची. म्हणाली, “अहो, तुमचा तो खड्ड्यातला फोटो मोठा करायला टाकलाय. लई भारी आलाय. पण मागं लाल काहीतरी हाय, गोल. फोटूवाला विचारतोय पुसू का?”

“कसलं लाल?”

“आता मला काय म्हाईत! तुमच्या कानामागं हाय. बटनागत.”

मी माझ्या फोनमध्ये तो फोटो उघडला. पिटात उभा आहे, कमरेवर हात, सगळे दात बाहेर. मागं लाल बटण, दाबलेलं. खाली वेळ, दुपारची. आणि मग मला एकेक आठवायला लागलं. जेवण झाल्यावर पाना पिटात राहिला म्हणून मी एकटा उतरलो होतो. खाली दिव्याचा उजेड चेहऱ्यावर झकास पडत होता. म्हटलं, बायकोला एक फोटो पाठवू. पाठवला. तिचा लगेच फोन आला, ‘कसलं भुयार हाय ओ ते?’ मी बोलत बोलत शिडी चढलो, आणि बटण राहिलं खाली.

“पुसू का म्हणतोय तो,” बायको परत म्हणाली.

मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, “पूस.”

रविवारपर्यंत कसाबसा तग धरला. रविवारी सिफूंच्या घरी गेलो. लेकीनं दार उघडलं. सिफू सोफ्यावर बसले होते, टीव्ही बंद, दार उघडं ठेवून बाहेरच्या लिफ्टचा आवाज ऐकत. म्हणाले, “या ब्लॉकची लिफ्ट पुढच्या आठवड्यात बंद पडणार. बेअरिंग.” मी फोन पुढं केला.

त्यांनी चष्मा लावला. “हसतोयस छान.”

“सिफू, बटण.”

“दिसतंय.”

“पण सकाळी तर तुम्ही पिटात...”

“सकाळी पण तूच होतास. मी वर बसून टॉर्च धरला होता. या गुडघ्यानं मी पिटात उतरून सहा महिने झाले होते ला.”

“म्हणजे तुम्हाला मीटिंगमध्येच माहीत होतं?”

“आपल्या दोघांत फक्त तुलाच माहीत नव्हतं, बॉय.”

मी म्हटलं, मग तुम्ही तिथंच का नाही सांगितलं. ते म्हणाले, “तुझ्या नावावर एक लेटर होतं. दुसरं झालं असतं तर तू घरी. मी काय, मी घरीच जाणार होतो, आज ना उद्या.” मग म्हणाले, “आणि तू वाक्य असं म्हटलंस की मला दुसरी जागाच राहिली नाही. ताट पुढ्यात असताना ‘मी मेलेलं मांजर खातोय’ असं ओरडलं की लोक काय करतात? मांजर कुणाचं ते शोधतात. वहीत नावं दोन. तू म्हणतोयस, तू नाहीस. मग राहिलं कोण?”

 लेकीनं संत्री कापून आणली. सिफू म्हणाले, “आता वाक्य कर.”

मी म्हटलं, “ङो...”

“अंहं.”

मग मला यायला जरा वेळ लागला. “सिफू... सिक् सेइ माऊ.”

त्यांनी मान हलवली. “बरोबर. दोन वर्षं लागली. जा, लिफ्टनं जा.”

सोमवारी मी सुपरवायझरकडं गेलो. म्हटलं, बॉस, ते बटण माझं होतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आय्या, परत तू अंकलसाठी खातोयस? फार चांगला आहेस तू ला.” मी म्हटलं, माझ्याकडं फोटो आहे. तो एकदम दोन पावलं मागं सरकला. “फोटो दाखवू नको. रिपोर्टवर माझी सही आहे. ते उघडलं तर मला काय खायला लागेल माहीत आहे?” खोटं बोललो तर लोकांनी मला कधी सोडलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगायला गेलो तर ऐकायला कुणी तयार नाही.

मग तो दिवस आला. जुनी लिफ्ट कायमची बंद करायची, आणि काम मला दिलं. सकाळी दहाला मी, बाकीची टोळी सुपरवायझरबरोबर अकराला येणार. मी सिफूंना फोन केला. बाहेरच्या माणसाला मोटर रूममध्ये न्यायचं नाही हा नियम मला पाठ होता, त्यांनीच पाठ करून घेतलेला. ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कॉफीची पिशवी. लिफ्टमध्ये दाराकडे पाठ करून उभे राहिले, नवव्यापर्यंत. तिथून वरचा जिना ते एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढले. मी मदतीला हात दिला तर तो त्यांनी कॉफी धरायला वापरला.

वर गेल्यावर स्क्रू ड्रायव्हर मागितला. बराच वेळ ऐकत राहिले. मी विचारलं, काय म्हणतेय? म्हणाले, “काही नाही. बरी आहे.”

मी म्हटलं, “सिफू, थांबा हां. खालच्या मजल्यावर ‘लिफ्ट बंद’चा बोर्ड लावलाय. पाचव्या आणि नवव्यावर लावून, आत कुणी नाही ना ते बघून येतो. मी आलो की मग तुम्ही करा.” ते हं म्हणाले. मी नवव्यावर बोर्ड लावला आणि पाचव्याकडं उतरत होतो, एवढ्यात मशीनचा आवाज थांबला. मागोमाग जिन्यात एका बाईचा आवाज घुमला. ती लिफ्टमध्ये अडकली होती, सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये, भाजीच्या ट्रॉलीसकट.

मी वर पळालो. सिफू स्विचवर हात ठेवून तसेच उभे होते, डोळे मिटून. चाळीस वर्षं शिष्यांना सांगत आले, आधी आत माणूस आहे का ते बघ. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. खालून बाई शंख करत होती. मी म्हटलं, “सिफू, मागच्या जिन्यानं जा. सावकाश. गुडघा.” ते गेले. पहिल्यांदाच एका शब्दात माझं ऐकलं त्यांनी.

मी ब्रेक सोडून हातानं चाक फिरवत लिफ्ट पाचव्यावर आणली, दार उघडलं. बाई बाहेर आल्या आणि कॅन्टनीत मला जे काय बोलल्या ते मला सगळं कळलं. तेवढ्यात सुपरवायझर टोळी घेऊन पोचला.

“आत माणूस असताना मेन कुणी खाली केला?”

जिभेवर वाक्य आलं होतं. शब्द, सूर, सगळं तयार होतं.

मी म्हटलं, “मी.”

“बघितलं नाहीस?”

“विसरलो.”

त्यानं हताश होऊन डोकं हलवलं. “तू आणि तुझी विसराविसरी.” पुढं मला त्याचं काय म्हणणं असणार ते माहीत होतं. हे दुसरं लेटर. दोन महिन्यांनी परमिट संपत होतं. आता मी पुण्यात परत हडपसरलाच असतो, लिफ्टच दुरुस्त करतो, म्हणजे काय झालं ते तुम्हाला कळलंच.

दुपारी खाली कॉफीच्या दुकानात गेलो. सिफू कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. मी समोर बसलो. आता खरं सांगायचं तर मला जरा शाबासकी हवी होती. आयुष्यात एक गोष्ट धडपणे केली होती, आणि ती ज्याच्यासाठी केली तो समोर बसलाय. मी म्हटलं, “सिफू, त्यांनी विचारलं स्विच कुणी...”

“कसला स्विच?” सिफू म्हणाले. “मी आज घरी होतो.”

त्यांच्या उजव्या तळहाताला काळं ग्रीस लागलेलं होतं. मी ते बघितलं. मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

मी म्हटलं, “हो सिफू. तुम्ही घरीच होतात.”

त्यांनी हात पँटला पुसला, माझ्यासाठी एक कॉफी सांगितली आणि खुर्ची जवळ ओढली. “ती भाजीवाली बाई तुला काय काय बोलली? पहिल्यापासून सांग. शब्दन् शब्द.”

मी सांगायला लागलो. बाईनं माझ्या आईपासून सुरुवात केली होती. पहिल्याच शब्दाला सिफूंनी हात वर केला. “सूर चुकला ला. ती असं बोलणार नाही. परत म्हण.”